दुसरीच्या पोरांना कॉम्प्युटर, तोही मराठीत



या पानावर वाडे, आज्या, गणपती, जुनी हॉटेलं यांच्या आठवणी वाचण्यात माझी अर्धी सकाळ जाते. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदा, हैदराबाद, गोवा, कुठकुठली मंडळी इथं भेटतात. आज मी लिहितोय ती गोष्ट मात्र जुनी नाही, अजून दर शनिवारी चालूच आहे. पोस्ट लांबली आहे. चहा घेऊन बसा.

मी बेळगावचा. सरकारी कागदावर २०१४ पासून बेळगावी. शहापुरात जन्म, बी.कॉम.पर्यंत शिक्षण इथंच. १९७३ ला बँकेत क्लार्क म्हणून लागलो, २०१० ला अधिकारी म्हणून निवृत्त झालो. मधे हुबळी, कारवार, निपाणी, विजापूर अशा बदल्यांवर बदल्या. आता पंच्याहत्तरी गाठली. मुलगा-सून पुण्याला, आम्ही दोघं इथं.

घरापासून चालत पाच मिनिटांवर एक मराठी प्राथमिक शाळा आहे. मी स्वतः तिथंच शिकलो. तेव्हा एकेका इयत्तेच्या दोन-दोन तुकड्या असायच्या आणि बसायला जागा पुरायची नाही. आता पहिलीत एका हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी मुलं. सीमाभागातल्या मंडळींना हे नवीन नाही, आणि इंदूर-बडोद्याकडच्यांनी तर हे आमच्याही आधी बघितलंय.

शाळेच्या मुख्याध्यापिका बाई आमच्या शाखेच्या जुन्या खातेदार. आठेक वर्षांपूर्वी भाजी घेताना भेटल्या. म्हणाल्या, "सर, या महिन्यात तीन दाखले दिले. तिन्ही पालकांचं एकच, तिकडं इंग्लिश मीडियमला कॉम्प्युटर आहे. आमच्याकडं आहे एक, पण तो ऑफिसात, त्याच्यावर फक्त सरकारी माहिती भरायची." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुम्ही बँकेत एवढी वर्षं कॉम्प्युटरवर काम केलंय. शनिवारी येऊन शिकवाल काय?"

शनिवारी सकाळची शाळा असते. मला तरी दुसरं काय काम होतं! गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाच्या पोरांना बोललो. त्यांनी वर्गणीतले उरलेले पैसे काढले आणि गावातल्या एका सीएंच्या ऑफिसातून बाद केलेली चार मशिनं जवळजवळ फुकटात उचलून आणली. मंडळातलाच एक इंजिनिअरिंगचा पोरगा दोन रात्री बसला. त्यानं त्यात लिनक्स घातलं आणि लहान मुलांची दोन सॉफ्टवेअर टाकली. एक टक्स पेंट, चित्रं काढायचं. दुसरं जीकॉम्प्री. हे नाव फ्रेंच आहे, तिकडच्या बोलीत "मला कळलं" म्हणण्यासारखं. दोन्ही फुकट, म्हणजे कुणाचं चोरून आणलेलं नव्हे, बनवणाऱ्यांनीच सगळ्यांसाठी मोकळं सोडलेलं.

आता मी कुठला मोठा कॉम्प्युटरचा मास्तर! पण एक गोष्ट मी जवळून पाहिलेली होती. मोठी माणसं कॉम्प्युटर कशी शिकतात, आणि कशी शिकत नाहीत.

१९८४ च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर बँकांत मशीन यायला लागली. त्याआधी आणि नंतरही युनियनचा केवढा विरोध! सभा, काळ्या फिती, सगळं झालं. १९८३ आणि १९८७ ला करार झाले आणि मग हळूहळू शाखांमधे एएलपीएम आली. अ‍ॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन. नाव मोठं, काम एकच, लेजरात हातानं लिहायचो ते त्याच्यात मारायचं. आमच्या बॅचला तीन दिवसांचं ट्रेनिंग होतं. पहिले अडीच दिवस फळ्यावर. इनपुट, आउटपुट, मेमरी, बिट, बाइट. पन्नाशीची माणसं वहीत उतरवून घेत होती. मशीनला हात लावायला मिळाला तिसऱ्या दिवशी दुपारी, तोही एका मशीनवर आठजण. परत शाखेत आल्यावर कुणालाच काही येईना. शेवटी एक तरुण क्लार्क होती, तिच्या शेजारी स्टूल टाकून एकेकजण बसला, तिचे हात बघत बघत शिकला. सगळी शाखा अशी तयार झाली.

एवढं बघितलेलं असताना पुण्यात नातवाचं दुसरीचं कॉम्प्युटरचं पुस्तक हातात आलं. गुळगुळीत रंगीत कागद, आणि आत काय, तर "कॉम्प्युटरचे जनक कोण?" नातू लगेच म्हणाला, चार्ल्स बॅबेज. सीपीयूचा फुल फॉर्म? धडाधड. मॉनिटरचं चित्र रंगवलेलं, बाण काढून नावं दिलेली, बाईंची लाल सही. मी म्हटलं, "बाळा, एक चित्र काढून सेव्ह करून दाखव बघू." त्याला येईना. वर्षभरात मशीनपाशी किती वेळा बसलास विचारलं तर म्हणाला, "आमचा नंबर येईपर्यंत पिरियड संपतो आजोबा." फी किती होती ते इथं लिहीत नाही, उगाच कुणाचं रक्त आटवायला नको.

तेव्हा ठरवलं, आपल्या वर्गात वही नाही, फळा नाही, परीक्षा नाही. चार मशिनं, एकेकावर दोघं, दहा-दहा मिनिटांनी हात बदलायचा. ज्याचा हात माउसवर नाही त्यानं तोंडानं सांगायचं, पण हात लावायचा नाही. हा शेवटचा नियम पाळायला पोरांना सगळ्यात जड जातो. खरं सांगायचं तर मलाही.

पहिलीच्या पोराच्या हाताला माउस केवढा मोठा असतो हे बसून बघितल्याशिवाय कळत नाही. सगळा पंजा त्याच्यावर पसरला तरी बोट बटणापर्यंत पुरत नाही. मग ते दोन हातांनी धरतं. पहिल्या शनिवारी अर्ध्या पोरांनी सरळ स्क्रीनवर बोट टेकवलं आणि सरकवायला लागली, कारण घरी मोबाइल तसाच चालतो. माउस हलवला इथं आणि बाण हलला तिथं, हा संबंधच त्यांना नवीन. एक मुलगी माउस सरकवत सरकवत टेबलाच्या कडेपर्यंत आली आणि हताश होऊन माझ्याकडं बघत म्हणाली, "सर, संपलं की!" तिला दाखवलं, उचलायचा, परत मधे ठेवायचा, बाण तिथंच राहतोय. तिनं तीनदा करून बघितलं आणि मग शेजारणीला शिकवलं. (हसू नका. नव्वदीत आमचे एक हेडकॅशियर माउस टीव्हीच्या रिमोटसारखा हवेत धरून स्क्रीनकडं रोखायचे. अत्यंत हुशार माणूस. नोटा मोजण्यात त्यांचा हात कुणी धरला नाही.)

जीकॉम्प्रीमधे यासाठी फार चांगले खेळ आहेत. चित्रावर चौकटी टाकून ते झाकलेलं असतं. नुसता माउस फिरवला की चौकटी उडतात आणि खालचं चित्र दिसतं. पुढच्या खेळात क्लिक करावं लागतं, त्याच्या पुढच्यात डबल क्लिक. डबल क्लिक हे सहा वर्षांच्या बोटाला खरोखर अवघड काम आहे. पहिली टिकटिक झाली की माउस हलतो, मग दुसरी भलतीकडं पडते. आम्ही आधी टेबलावर बोटानं वाजवतो, टक-टक, टक-टक, सगळा वर्ग एका तालात. शेजारच्या वर्गातल्या बाई दोनदा बघून गेल्या, काय चाललंय म्हणून.

डावं-उजवं ही दुसरी अडचण. लेफ्ट क्लिक, राइट क्लिक सांगून उपयोग नाही, डावा-उजवा हातच अजून पक्का झालेला नसतो. मी सांगतो, बोट दाखवायच्या बोटानं दाबायचं. त्याच्या शेजारचं बोट सध्या झोपलंय, त्याला उठवायचं नाही. तिसरी-चौथीला मग अंगणात खेळ. एकानं कासव व्हायचं, बाकीच्यांनी हुकूम सोडायचे, तीन पावलं पुढं, उजवीकडं वळ, दोन पावलं पुढं. चुकीचा हुकूम दिला तर कासव नळाला जाऊन धडकतं. सीमोर पॅपर्ट नावाचे एक शिक्षणतज्ज्ञ होते. १९६७ च्या सुमारास त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो ही भाषा केली. तिच्यातलं कासव असंच हुकमावर चालतं. त्यांचं म्हणणं होतं की मुलानं कॉम्प्युटरला हुकूम सोडावा. आमच्या शाळेत कासव मशीनवर नाही, चिंचेखाली फिरतं, पण हुकूम तोच.

सेव्ह करणं कसं शिकवायचं यावर मी बराच विचार केला होता, पण काम सोपं केलं लाइटनं. एका शनिवारी दुसरीतला एक पोरगा अर्धा तास बसून मांजर काढत होता. मिशा काढणं चाललेलं आणि लाइट गेली. बॅटरीबिटरी काही नव्हती. लाइट आली तेव्हा मांजर नाही. पोरगं जे रडलं! मी सगळ्यांना गोळा केलं. म्हटलं, मी बँकेत होतो ना, तिथं लोक पैसे घेऊन यायचे. काउंटरवर पैसे ठेवून कुणी तसाच घरी गेला तर ते जमा होतात काय? सगळे ओरडले, नाऽही. मग काय करायला पाहिजे? चलन भरायचं, कॅशियरला द्यायचं, पावती घ्यायची. मग झाली ती ठेव. तेव्हापासून आमच्या वर्गात सेव्हला "ठेव" म्हणतात. "ए, ठेवलंस काय?" असं एकमेकांना दर पाच मिनिटांनी विचारतात. आणि मशीन बंद करण्याला "दिवस बंद". तेही आमच्या शाखेतलंच, संध्याकाळी ताळा जुळल्याशिवाय दिवस बंद होत नसे. पोरांना दोन्ही शब्द फार आवडतात. मांजर दुसऱ्या शनिवारी परत काढलं, आणि दर दोन मिशांनंतर ठेवलं.

पासवर्डबद्दलही थोडं सांगतो. तिसरीपासून प्रत्येकाला स्वतःचा पासवर्ड. पहिल्या दिवशी सगळ्यांनी आपापला पासवर्ड आनंदानं ओरडून सांगितला. म्हटलं, दात घासायचा ब्रश तू भावाला देतोस काय? तसंच हे. आम्ही बँकेत एक जण एंट्री मारायचा आणि दुसरा तपासून पास करायचा, दोघांचे पासवर्ड वेगळे. गर्दीच्या दिवशी कुणी दुसऱ्याचा पासवर्ड वापरला म्हणून पुढं निस्तरताना माणसं कशी हवालदिल झाली ते मी पाहिलंय. पोरांना एवढं सगळं सांगत नाही. पण एका आजीबाई वाटेत थांबवून म्हणाल्या, "तुमच्या शाळेतली आमची पोर मला फोनवर बोलू देत न्हाई वो. कुणी नंबर विचारला की हातातनं फोनच काढून घेतेय." मी म्हटलं, काढून घेऊ दे.

आता मुख्य गोष्टीकडं येतो, कीबोर्ड.

मी पहिल्यापासून ठरवलं होतं की दुसरीचं पोर आपलं नाव पहिल्यांदा मराठीत टाइप करणार. कारण सरळ आहे. दुसरीच्या पोराला वाचता येतं ते मराठी. इंग्रजीची नुकती अक्षरओळख. मोबाइलवर आपण करतो तसं इंग्रजी अक्षरं मारून मराठी उमटवायचं म्हटलं, तर त्याला स्वतःचं नाव लिहायला आधी इंग्रजी स्पेलिंग आलं पाहिजे. म्हणजे स्वतःच्या घरात शिरायला शेजाऱ्याच्या माडीवरून जायचं. आणि स्पेलिंगचं काय होतं ते बँकवाल्याला विचारा. पाटील या साध्या नावाचं, पासबुकावर एक स्पेलिंग, रेशनकार्डावर दुसरं, आधारवर तिसरं. तेवढ्यासाठी अ‍ॅफिडेव्हिट करायला गरीब माणसं दिवसाची मजुरी बुडवून रांगेत उभी राहिलेली मी वर्षानुवर्षं पाहिली. मराठीत लिहिलं की पाटील एकच.

आपल्या भाषांसाठी इनस्क्रिप्ट नावाचा कीबोर्ड आहे. १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्यानं तो ठरवला, पुढं १९९१ ला भारतीय मानक म्हणून पक्का झाला. आज कुठल्याही विंडोजमधे, लिनक्समधे तो असतोच, विकत घ्यावा लागत नाही. मी स्वतः निवृत्तीनंतर शिकलो, पंधरा दिवसांत हात बसला. त्याची मांडणी बघितल्यावर मला वाटलं, हा कीबोर्ड करणाऱ्याला बाराखडी नुसती येत नव्हती, कळली होती.

स्वर जवळजवळ सगळे डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. जिथं क तिथंच शिफ्ट धरला की ख. ग वर शिफ्टनं घ. त वर थ, द वर ध, प वर फ, ब वर भ. पोरांना हे कसं सांगितलं? तोंडासमोर हात धरा आणि क म्हणा. आता ख म्हणा. वारा लागला? जिथं वारा लागतो तिथं शिफ्ट. दुसरीची पोरं अख्खा तास हातावर फुंकर मारत बसली, प, फ, ब, भ. अल्पप्राण-महाप्राण हे शब्द मी शाळेत पाठ केले होते, पण त्यांचा अर्थ माझ्याही हाताला तेव्हाच लागला.

ऱ्हस्व वेलांटीवरून मात्र वाद झाला. दुसरीतली एक मुलगी हट्टाला पेटली. "सर, हे चुकीचं आहे. बाई सांगतात, कि लिहिताना वेलांटी आधी काढायची. इथं आधी क मारायला लागतोय." तिचं खरंच होतं. पेन्सिलीनं आपण वेलांटी आधी काढतो, जुन्या मराठी टाइपरायटरवरही तशीच आधी मारायची. मी म्हटलं, हळू बोलून बघ, कि. आधी काय ऐकू येतंय? ती ओठ हलवत राहिली, "क्... इ. क्... इ." मग गप्पकन म्हणाली, "कागदावर डोळ्याला दिसतंय तसं, आणि इथं कानाला ऐकू येतंय तसं." मी तिच्या बाईंना बोलावलं आणि तिला परत म्हणायला लावलं.

जोडाक्षरं तर पोरांनी स्वतःच शोधली, पुसायच्या बटणानं. क्ष मारला, आणि एकदा पुसलं तर सगळा क्ष जातच नाही, मागं पाय मोडलेला क् उरतो. "सर, याच्या पोटात क आहे!" मग सगळे जोडाक्षरं फोडत सुटले. त्र मधे त निघाला, श्र मधे श निघाला, ज्ञ मधे ज निघाला तेव्हा तर कुणाचा विश्वासच बसेना. मराठीच्या बाई म्हणाल्या, मी फळ्यावर दोन महिने सांगतेय ते यांनी अर्ध्या तासात फोडून बघितलं. आणि पुऱ्या, दऱ्या, सुऱ्या यांतला तो अर्धा र! त्याची जागा र च्याच बटणावर, शिफ्ट धरून. मोठमोठ्या वर्तमानपत्रांत चुकतो तो, आमच्या चौथीत चुकत नाही. हे लिहिताना छाती थोडी फुगलीय, समजून घ्या.

पण पालकसभेत विषय निघालाच. एक गृहस्थ, वडगावचे, मागावर काम करणारे, सरळ माणूस. उठून म्हणाले, "सर, तुमचं बरोबर हाय. पण मराठीतला कॉम्प्युटर शिकून पोरगं काय करणार? उद्या उद्यमबागेत लावायचं तरी इंग्लिश पायजे की. आणि बेंगळूरला जायचं तर कन्नड पायजे. मराठी कुठं लागतंय?" चार जणांनी माना डोलवल्या. त्यात त्यांची काही आगळीक नव्हती. ज्यानं स्वतः भाषेपायी नोकरीत मार खाल्लाय तो असंच बोलणार.

मी म्हटलं, चौथीत इंग्रजी कीबोर्ड मी शिकवतोच. जो हात एका भाषेत न बघता चालतो तो दुसऱ्या भाषेला चार आठवड्यांत तयार होतो, हे मी स्वतःवर करून बघितलंय. त्यांचं समाधान झालं नाही. ते म्हणाले, "बघतो." बघतो म्हणजे काय ते बँकेतल्या माणसाला चांगलं कळतं, कर्ज न देताना आम्हीही तेच म्हणायचो.

कन्नडचं उत्तर मात्र मी दिलं नाही, ते पुढच्याच महिन्यात पोरांच्या हातनं निघालं. कन्नडच्या बाई धारवाडकडच्या. मुलांना जीव लावून शिकवतात, पण आमची पोरं कन्नडला बिचकतात. अक्षरांची वळणं वेगळी, घरात कुणी वाचणारं नाही, आणि बाहेर मोठ्या माणसांच्या तोंडून दोन्ही बाजूंनी काय काय ऐकलेलं. एका शनिवारी त्या बाई वर्गात येऊन मागं उभ्या होत्या. मी त्यांना म्हटलं, बाई, एक गंमत करूया. एका मशीनवर भाषा बदलून कन्नड केली. तिसरीतल्या एका मुलीला सांगितलं, आता तुझा नेहमीचा क मार. तिनं मारला. स्क्रीनवर कन्नड क उमटला.

ती बटणाकडं बघायला लागली. मग ग मारला, कन्नड ग आला. त, प, म, सगळे आपापल्या जागी. बाई पुढं येत म्हणाल्या, "अय्यो, इदु नम्म क!" आणि मग मराठीत, "सर, हे आमचं पण तिथंच आहे काय?" म्हटलं, तिथंच. इनस्क्रिप्टची मांडणी आपल्या लिप्यांना एकच आहे. बंगाली, तेलुगू, गुजराती, कुठलीही घ्या, क त्याच बटणावर. युनिकोडमधेही देवनागरीच्या कप्प्यात क जितक्या क्रमांकावर बसतो, तितक्याच क्रमांकावर कन्नडच्या कप्प्यात कन्नड क. दोघांचं मूळ ब्राह्मीच, त्यामुळं बाराखडी तीच, कपडे वेगळे. ळ सुद्धा दोघांत एकाच जागी. (इंदूर-ग्वाल्हेरच्या मंडळींना ळ चं कौतुक वेगळं सांगायला नको.)

मग पोरांनी आपापली नावं कन्नडमधे मारायला सुरुवात केली, कुणी न सांगता. वाचता येत नव्हती ती अक्षरं बोटं लिहीत होती, आणि स्वतःचंच नाव असल्यामुळं उलटं वाचून ओळखत होती. बाईंनी मागनं सगळ्या मशिनांवर कन्नड लावून घेतलं. शेवटी एकानं गावाचं नाव मारलं. मराठीत बेळगाव. तीच बटणं कन्नडमधे, फक्त कन्नडमधला तो ए ऱ्हस्व, त्याचं बटण वेगळं, आणि शेवटी व ला एक वेलांटी, म्हणजे बेळगावी. पोरगं म्हणालं, "दोनच बटणांचा फरक आहे."

या गावच्या नावावरून किती मोर्चे, किती पाट्यांना काळं फासलेलं, किती जणांच्या डोक्यात लाठ्या, हे इथल्या जुन्या मंडळींना माहीत आहे. मी आणि बाई एकमेकांकडं बघितलं. दोघांनीही काही बोललं नाही. पोरं पुढच्या शब्दाला लागली होती.

वडगावच्या त्या गृहस्थांनी पुढच्या जूनमधे धाकट्याला इंग्लिश मीडियमला घातलंच. थोरली मात्र आमच्याकडंच राहिली, चौथीपर्यंत. दिवाळीच्या आधी ते एकदा शनिवारी शाळेत आले, चप्पल बाहेर काढून दारात उभे. त्यांच्या मालकाला साड्यांच्या गठ्ठ्यावर लावायला चिठ्ठ्या पाहिजे होत्या, गिऱ्हाइकाचं नाव-गाव मराठीत आणि कन्नडमधे, आणि दुकानात टाइप करून घ्यायला पैसे पडतात. थोरलीनं बसून वीस चिठ्ठ्या केल्या. प्रत्येकीनंतर "ठेव" केलं. ते मागं उभं राहून बघत होते. शेवटी एवढंच विचारलं, "धाकट्याला शनिवारी हितं पाठवलं तर चालेल काय?" म्हटलं, पाठवा की. येतोय तो. त्याच्या शाळेत बॅबेजचं नाव झालंय, माउस अजून व्हायचा आहे.

मशिनं आता पाच आहेत, त्यातली तीन चालतात. तुमच्या गावच्या मराठी शाळेत कुणाला असं काही करायचं असेल तर विचारा, कीबोर्डवर चिकटवायच्या अक्षरांचा तक्ता मी करून ठेवलाय, पाठवतो. साध्या कागदावर छापायचा, कापायचा, वरून पारदर्शक चिकटपट्टी. पहिल्यांदा काना आणि क झिजतात, मग र, त, न. ते दर दोन-तीन महिन्यांनी बदलावे लागतात. मागच्या शनिवारी नवीन कापून घेऊन गेलो तर चौथीची पोरं म्हणाली, "आमच्या बोर्डाला नको सर, आम्ही खाली बघतच नाही. पहिलीवाल्यांच्या बोर्डाला लावा."